कापसाचा भाव पडला, तर जाब विचारायचा कोणाला?

पऱ्हाटी (धागा सुरू करणारे)

गेल्या रविवारी सावनेरकडच्या आमच्या वावरात दुसरी वेचणी झाली. मी नागपुरात नोकरीला, वावर काका पाहतात. सोमवारी सुट्टी टाकली आणि त्यांच्यासोबत सात क्विंटल कापूस घेऊन जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यावर, गेलो. तिथल्या माणसानं गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घातला, आतून मूठभर कापूस ओढला, दाबला, सोडला, पुन्हा दाबला. "ओल हाय," म्हणाला. मग मोबाइलवर काहीतरी पाहिलं आणि ६,९०० चा भाव सांगितला. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये होता. काकांनी विचारलं, "काहून गा एवढा कमी?" तो म्हणाला, "बाहेरचा माल येऊन राहिला ना काका. भाव वरूनच पडला. माह्या हातात काय हाय?"

तो खोटं बोलत नव्हता, आणि मला तेच जास्त लागलं. फेब्रुवारी २०२१ पासून परदेशी कापसावर ११ टक्के आयात शुल्क होतं. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्र सरकारनं ते काढलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणून सांगितलं, आणि दहा दिवसांच्या आत मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे आमची बोंडं फुटायला लागतात तिथपासून वेचणी भरात असते तिथपर्यंत. त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं होतं. कापडाची निर्यात अडचणीत आली, तेव्हा गिरण्यांना कच्चा माल तरी स्वस्त मिळावा, असा हिशेब. गिरण्यांची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण काकांनी जूनमध्ये सरकी टोबली तेव्हा शुल्क होतं. बियाणं, खत, दोन फवारे, निंदणाची मजुरी, सगळा खर्च त्या भरवशावर झाला. पीक उभं असताना नियम बदलला.

येताना गाडीत काका एकच वाक्य बोलले, "आता सांगावं कोणाले?" मी रात्रभर तोच विचार करत होतो. आमदार म्हणेल केंद्राचा विषय आहे. शुल्क काढलं अधिसूचनेनं, त्यावर सभागृहात कोणी हात वर केला नाही, तर खासदाराला काय विचारणार? दिल्ली म्हणेल, अमेरिकेच्या करामुळे करावं लागलं. आणि अमेरिकेत काकांना मत नाही.

जागतिकीकरणावर बोलताना आपण स्वस्त मोबाइल आणि परदेशातल्या नोकऱ्या यांच्याबद्दल बोलतो. मला वाटतं, त्यातलं सगळ्यात मोठं नुकसान हे आहे की निर्णय घेणारा माणूस इतका लांब गेला की नुकसान झालेल्याला त्याचं दारच सापडत नाही. माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये साचेखात्यात होते. ती मिलही गेली. एकाच घरावर दोनदा घाव पडला. तुमच्या घरातलं, वावरातलं, कामावरचं असं काही असेल तर लिहा. वर्तमानपत्रात येतं ते नको, स्वतः पाहिलेलं सांगा.

शुक्रवारी_तलाव

वावराचं वाचून पोटात कालवलं. पण मिलचं पाप जागतिकीकरणाच्या माथी मारू नका, एवढी विनंती. मीही मिलच्याच घरातला. सकाळच्या भोंग्यावर आमच्या आळीतली घड्याळं लागायची. वडील पाळी संपवून यायचे तेव्हा भुवयांवर रुईचा पांढरा थर असायचा, आई आधी तो फडक्यानं पुसायची, मग चहा.

एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. जमशेटजी टाटांनी इथे १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी काढला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. देशात तेव्हा कोणी असा विचारही करत नव्हतं. पण शंभर वर्षांनी मिलमध्ये काय राहिलं होतं? जुनाट यंत्रं, थांबलेली गुंतवणूक, आणि बाहेर यंत्रमागाचं स्वस्त कापड. १९८६ मध्ये कंपनी अवसायनात गेली. देशाचा बाजार खुला करणारा डॉ. मनमोहन सिंगांचा अर्थसंकल्प आला जुलै १९९१ मध्ये. म्हणजे मिल आधीच पडलेली होती. नंतर राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळानं ती ओढली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. आपल्याच लोकांच्या दुर्लक्षाचं खापर परक्यांवर फोडलं, की आपले सुटतात.

जागतिकीकरणानं आमच्या घराचं जे नेलं ते मिल बंद झाल्यानंतरचं. वडिलांना काम गेल्यावर निदान हिशेब मागायला युनियन होती, देणी मागायला न्यायालय होतं. माझा धाकटा भाऊ अकरा वर्षं एका कारखान्यात आहे आणि अजून कागदावर तो त्या कारखान्याचा नाही, ठेकेदाराचा आहे.

हिंगणा_टी_पॉइंट

वरच्या शेवटच्या ओळीला दुजोरा. आमच्याकडे गेटपासचे दोन रंग आहेत. निळा कंपनीचा, पिवळा ठेकेदाराचा. मशीन तेच, पाळी तीच, जेवणाची खोलीही तीच, पगार निम्म्याच्या आसपास. परदेशातली ऑर्डर कमी झाली की आधी पिवळे पास गोळा करतात. त्याला कामावरून काढणं म्हणत नाहीत, "ठेका संपला" म्हणतात. वाहनांचे सुटे भाग बनवतो आम्ही. २०२५ च्या सप्टेंबरात असंच झालं. आमच्या रांगेतले नऊ जण दिवाळीच्या आधी घरी बसले. त्यातला एक रोज सकाळी डबा घेऊन निघायचा, कारण घरी सांगितलं नव्हतं.

कोरडवाहू

मी शेतकरी संघटनेच्या मुशीतला माणूस, म्हणून थोडं उलटं लिहितो. राग मानू नका.

दारं बंद होती तेव्हा आमचं बरं होतं, असं कोणी म्हणत असेल तर त्यानं १९७२ ची एकाधिकार कापूस खरेदी योजना आठवावी. राज्याबाहेर कापूस विकायला बंदी. पलीकडे मध्य प्रदेशात, आंध्रात भाव जास्त असला तरी नेता येत नव्हता, आणि रात्री बैलगाडीनं नेला तर स्वतःच्या पिकाची चोरटी वाहतूक केली म्हणून पकडायचे. चुकाऱ्यासाठी महिनोन् महिने वाट पाहिली आहे आम्ही. डंकेल प्रस्तावाच्या, म्हणजे जागतिक व्यापार कराराच्या मसुद्याच्या वेळी सगळा देश विरोधात ओरडत होता तेव्हा आमच्या संघटनेच्या शरद जोशींनी उघड पाठिंबा दिला. आपलंच सरकार शेतकऱ्याचा भाव पाडतं, निदान जगाचा बाजार तरी मिळू द्या, हे त्यांचं म्हणणं मला आजही पटतं.

पण खुलेपण दोन्ही बाजूंनी पाहिजे ना राजेहो. ५ मार्च २०१२ ला कापसाची निर्यात एका आदेशात बंद केली, तेव्हा भाव आमच्या बाजूनं होता. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली. आणि २०२५ मध्ये कापूस पडत असताना आयात खुली केली. भाव चढला की दार बाहेरून बंद, पडला की आतून उघडं. यात गिऱ्हाईक सांभाळलं जातं, गिरणी सांभाळली जाते, पिकवणारा तेवढा मोकळा. याला जागतिकीकरण म्हणून आपल्या राज्यकर्त्यांना सोडून देऊ नका, पऱ्हाटी भाऊ. तुमच्या काकांना दार सापडत नाही म्हणता, मला तर दार दिल्लीतच दिसतं.

पऱ्हाटी

शुक्रवारी_तलाव, मिलबद्दल तुमचं बरोबर आहे. वडील गेल्यापासून मी ते दुःख जसं ऐकलं तसं धरून बसलो होतो. तारखा लावून पाहिल्या नव्हत्या.

कोरडवाहू काका, दिल्लीचं दार मान्य. पण जगाचा बाजार मिळाला तर भाव मिळेल, हे कापसापुरतं तरी पूर्ण खरं ठरलं का? जगाचा बाजार म्हणजे समोर कोण उभा आहे? अमेरिकेतला कापूस उत्पादक. त्याच्या मागे त्याच्या सरकारचं अनुदान, विमा, कर्ज. ब्राझीलनं २००२ मध्ये याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि जिंकली. मग काय झालं ते ऐका. अमेरिकेनं अनुदान तर लगेच बंद केलं नाहीच, उलट ब्राझीलनं आपल्या मालावर शुल्क लावू नये म्हणून २०१० पासून त्यालाच वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. शेवटी २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. स्वतःच्या शेतकऱ्याचं अनुदान टिकवायला दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्याला पैसे! बेनिन, बुर्किना फासो, माली, चाड हे आफ्रिकेतले गरीब देशही २००३ पासून हीच तक्रार घेऊन उभे आहेत. त्यांच्याकडे ब्राझीलसारखं उलट शुल्काचं हत्यार नाही, म्हणून त्यांना काही मिळालं नाही.

आणि त्याच अमेरिकेनं २०१८ मध्ये भारताच्या कापूस हमीभावावर आक्षेप घेतला. आपलं अनुदान मर्यादेबाहेर आहे, असं त्यांचं म्हणणं. ते मोजायचं कसं, तर करारात संदर्भ किंमत धरली आहे १९८६ ते ८८ ची. तेव्हाचा भाव आणि आजचा हमीभाव यांतला फरक म्हणजे म्हणे अनुदान. काकांनी त्या साली ज्या भावात युरिया घेतला, तो आज कोणी देईल का? मी खुल्या बाजाराच्या विरोधात नाही. पण हा नियम ज्यांनी लिहिला त्यांना आमच्याकडचं वावर माहीत नव्हतं, हे मी ठामपणे म्हणेन.

जुनी_पानं

विदर्भाला हे नवं नाही, म्हणून थोडं मागचं लिहितो. इतिहास शिकवतो, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. इंग्रजांची नजर वऱ्हाडावर गेली. वऱ्हाड १८५३ पासूनच त्यांच्या ताब्यात होता. भाव कितीतरी पटींनी चढला. ज्वारीच्या वावरात कापूस आला. कापूस मुंबई बंदराकडे ओढायला रेल्वे पुढे सरकत राहिली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोचली. पण १८६५ मध्ये युद्ध संपलं होतं. अमेरिकन कापूस परत बाजारात आला आणि वऱ्हाडातला भाव कोसळला. चढत्या भावाच्या भरवशावर काढलेलं सावकाराचं कर्ज मात्र उतरलं नाही.

पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाड आणि मध्य प्रांतात माणसं किड्यामुंगीसारखी मेली. पाऊस पडला नाही हे खरं, पण धान्याखालची जमीन कापसाखाली गेली होती आणि घरातल्या कणगीची जागा बाजारानं घेतली होती, तीही तितकीच मोठी गोष्ट. रेल्वे होती, धान्य येऊ शकत होतं. ज्याच्या हातात पैसा नव्हता त्याच्यासाठी ती रेल्वे असून नसल्यासारखी.

मी मुलांना कॉटन मार्केटमध्ये घेऊन जातो. आज तिथे भाजी विकतात, मेट्रोच्या स्टेशनालाही तेच नाव आहे. "सर, इथे कापूस कुठे आहे?" असं दरवर्षी कोणीतरी विचारतंच. मग मी तिथे उभा राहून लिव्हरपूलचा भाव आणि आपलं गाव यांचा संबंध सांगतो. लांबच्या युद्धानं चढलेला आणि ते युद्ध संपताच पडलेला भाव. धाग्यातलं ऑगस्टचं वाचताना मला १८६५ च आठवलं.

आंबिया_बहार

संत्र्याचंही लिहितो, कारण आमच्या बाबतीत जाब द्यायला दिल्लीही नाही, ढाका आहे.

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण खाणारा सगळ्यात मोठा परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडचे ट्रक सीमेपर्यंत जायचे. २०१९-२० मध्ये तिथे किलोला २० टका आयात शुल्क होतं. दरवर्षी वाढत ते २०२३-२४ मध्ये ८८ टका झालं. इथल्या बागेत जो भाव मिळतो त्यापेक्षा शुल्कच जड. राज्य सरकारला निम्म्या शुल्काइतकं अनुदान जाहीर करावं लागलं. आमच्याकडे जुने व्यापारी म्हणतात की २०१९ आणि २०२० मध्ये आपण अचानक कांदा बंद केला, तेव्हा ढाक्यात बायका बाजारातून रिकाम्या पिशव्या घेऊन परतल्या, आणि तो राग संत्र्यावर निघाला. खरं-खोटं त्यांनाच माहीत. पण विचार करा, नाशिकचा कांदा अडवला आणि दंड वरुडच्या संत्र्याला बसला असेल, तर संत्रावाल्यानं भांडायचं कोणाशी?

त्या वर्षी बागवान (बागेतलं फळ विकत घेणारा व्यापारी) सौदा करून गेला, इसार दिला आणि परत फिरकलाच नाही. फळ झाडावर पिकून पिवळंधम्मक झालं. देठ सुटून रात्री खाली पडायचं, त्याचा आवाज घरात ऐकू यायचा. टप्, टप्. बायको म्हणाली खिडकी लावून घ्या. नंतर चुरीच्या, म्हणजे बारक्या फळाच्या, भावात सगळं नागपूरच्या कळमना बाजारात दिलं.

उमरेडची_लेक

माझी गोष्ट थोडी अडचणीची आहे, कारण मी दोन्ही बाजूंना आहे.

माहेर उमरेडकडचं, भाऊ सोयाबीन लावतो. सासर नागपुरात, घरात सहा माणसं, महिन्याला पाच लिटर तेल. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. कच्च्या खाद्यतेलावरचं साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेलं. ऐन सणासुदीत पिशवी महागली तेव्हा मी किराणावाल्याशी भांडले. २०२५ च्या मे महिन्यात ते पुन्हा साडेसोळावर आणलं, तेल जरा सावरलं, मला बरं वाटलं. ऑक्टोबरात भाऊ कळमन्यात सोयाबीन घेऊन आला. हमीभाव ५,३२८, हातात पडले चार हजार शंभर. तो आमच्याकडे जेवायला थांबला. मी त्याच्यासाठी भजी तळत होते आणि मनात येत होतं, हे तेल स्वस्त मिळालं ते याच्या खिशातून.

मी वाचलं आहे की जागतिक व्यापार संघटनेत आपण इतर बहुतेक तेलांवर ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावायची मुभा ठेवली, पण सोयाबीन तेलावर ४५ टक्क्यांच्या वर जायचं नाही असं स्वतःला बांधून घेतलं. तेव्हा सही करणाऱ्यांना विदर्भात एवढं सोयाबीन होईल याची कल्पना होती का? आपल्या खाण्यातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. बहीण-भावाला असं एकमेकांसमोर उभं करून सगळे मधून निघून गेले, असं वाटतं मला.

मिहान_रात्रपाळी

सगळ्यांचं वाचलं. माझं घर मात्र जागतिकीकरणानं उभं राहिलं, ते लिहिलं नाही तर खोटेपणा होईल. बाबा शिवणकाम करायचे. मी मिहानमध्ये एका आयटी कंपनीत आहे, अमेरिकेच्या एका विमा कंपनीचं काम पाहतो. बहिणीचं शिक्षण, बाबांची बायपास, सगळं याच पगारातून. पंधरा वर्षांपूर्वी या कामासाठी पुण्याला जावं लागलं असतं.

पण "दार सापडत नाही" हे मलाही लागू आहे. १९ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या एच-१बी व्हिसावर एक लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला. त्या रात्री आमच्या मजल्यावर कोणी काम केलं नाही. माझा एक मित्र सुट्टीवर नागपुरात आला होता. परतायचं की थांबायचं, हे ठरवायला त्याच्याकडे एक दिवस होता. नंतर कळलं की ते फक्त नव्या अर्जांना आहे. पण तोपर्यंत त्यानं तिप्पट पैसे देऊन तिकीट काढलं होतं, आणि त्याची आई विमानतळावर नुसती त्याची बॅग धरून उभी होती. आम्ही जिंकणाऱ्यांच्या बाजूला आहोत असं समजतो. तरी एका सहीनं सगळं हलतं.

मेडिकल_चौक

औषधांचं दुकान आहे, तीस वर्षं झाली. एक उदाहरण देतो, कारण "काहीच करता येत नाही" हा सूर मला मान्य नाही.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ पासून आपल्याला औषधांवर उत्पादन पेटंट द्यावं लागलं. त्याआधी आपल्या कंपन्या वेगळ्या पद्धतीनं तेच औषध बनवून स्वस्त विकायच्या. नव्या कायद्यात मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगाचं नेक्साव्हर नावाचं औषध महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना मिळायचं. माझ्या काउंटरवर एक गृहस्थ चिठ्ठी ठेवून किंमत ऐकायचे आणि चिठ्ठी घडी घालून खिशात परत ठेवायचे. तीन वेळा आले, तिन्ही वेळा तसंच. पुढे आले नाहीत.

मार्च २०१२ मध्ये पेटंट कार्यालयानं सक्तीचा परवाना (पेटंट असतानाही दुसऱ्याला औषध बनवू द्यायची तरतूद) वापरून नॅटको कंपनीला तेच औषध बनवायची परवानगी दिली, महिन्याला ८,८८० रुपयांत. पुढच्या वर्षी, १ एप्रिल २०१३ ला, सर्वोच्च न्यायालयानं ग्लिव्हेक या रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधाचं पेटंट नाकारलं, कारण जुन्या औषधात किरकोळ बदल करून नवं पेटंट मिळू नये म्हणून आपल्या संसदेनं कायद्यात ३(ड) हे कलम घालून ठेवलं होतं. म्हणजे करारासाठी कायदा बदलतानाही कोणीतरी जागरूक होतं, त्यानं खिडकी उघडी ठेवली. पण त्या परवान्यानंतर परदेशातून इतका दबाव आला की असा दुसरा परवाना दिलेला मी पाहिला नाही. खिडकी आहे, उघडणारा हात पाहिजे.

सिव्हिल_लाइन्स

राजकीय बाजू राहिली म्हणून लिहितो. वकिली करतो.

एन्रॉन आठवा. १९९३ मध्ये या अमेरिकी कंपनीशी दाभोळच्या प्रकल्पाचा वीजखरेदी करार झाला. १९९५ ची विधानसभा निवडणूक "एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू" या घोषणेवर लढली गेली. लोकांनी मत दिलं, सरकार बदललं, ऑगस्टमध्ये करार रद्दही झाला. काही महिन्यांत त्याच सरकारनं फेरबोलणी करून प्रकल्प आणखी मोठा करून मंजूर केला. १९९६ च्या मे महिन्यात केंद्रातलं तेरा दिवसांचं सरकार जाता जाता प्रतिहमीला (राज्यानं पैसे दिले नाहीत तर केंद्र देईल, या हमीला) मंजुरी देऊन गेलं. २००१ मध्ये वीज परवडेना म्हणून राज्याच्या वीज मंडळानं घेणं थांबवलं, प्रकल्प बंद पडला. महाराष्ट्रातल्या मतदारानं याहून स्पष्ट कौल कशावर दिला होता? तरी करार मतापेक्षा जड निघाला.

तसंच आयातीवरच्या संख्यात्मक बंधनांचं, म्हणजे कोणता माल किती आणता येईल यावरच्या मर्यादांचं. अमेरिकेनं जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, १९९९ मध्ये आपण हरलो आणि १ एप्रिल २००१ ला शेवटच्या ७१५ वस्तूंवरची बंधनं उठली. त्या वर्षी कोणत्याही ग्रामसभेत यावर चर्चा झाल्याचं मला तरी आठवत नाही. केर्न या ब्रिटिश तेल कंपनीच्या प्रकरणात पूर्वलक्षी कर, म्हणजे जुन्या व्यवहारावर मागाहून लावलेला कर, मुळात चुकीचा होता, असं माझं मत आहे. पण संसदेनं २०१२ मध्ये केलेल्या कायद्याचा निकाल डिसेंबर २०२० मध्ये परदेशातल्या तीन सदस्यांच्या लवादानं लावला, १.२ अब्ज डॉलरचा, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तो कायदा मागे घेतला गेला. आपल्या न्यायालयात ही चूक दुरुस्त झाली असती तर मला समाधान वाटलं असतं.

दानी रॉड्रिक नावाचे अर्थतज्ज्ञ म्हणतात की संपूर्ण खुली जागतिक अर्थव्यवस्था, देशाची सार्वभौमता आणि लोकशाही या तिन्ही गोष्टी एकाच वेळी पूर्णपणे मिळत नाहीत, एक सोडावी लागते. आपण लोकशाहीतला थोडा भाग न सांगता सोडला, असं मला वाटतं. निवडणूक होते, पण ज्यावर घर चालतं ते प्रश्न मतपत्रिकेबाहेर गेले. मग मतपत्रिकेत काय उरतं? जात, धर्म, पुतळे. लोकांना दोष देण्याआधी हे पाहावं.

तरी मेडिकल_चौक यांच्याशी सहमत. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारत आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या खुल्या व्यापाराच्या करारातून बाहेर पडला, त्यात दूध उत्पादकांचा आणि शेतकरी संघटनांचा विरोध हे मोठं कारण होतं. सही व्हायच्या आधी आवाज झाला तर ऐकला जातो. सही झाल्यावरचा आवाज फार महाग पडतो.

कोरडवाहू

सिव्हिल_लाइन्स साहेबांच्या शेवटच्या दोन वाक्यांवर थांबतो. आम्ही कायम सही झाल्यावर, भाव पडल्यावर, रस्त्यावर बसतो. पेरणीच्या आधी कधी बसलो नाही.

पऱ्हाटी

काल पुन्हा गावी जाऊन आलो. त्या दिवशी काकांनी सातपैकी तीनच क्विंटल दिला, मजुरांचे पैसे चुकवायला. चार क्विंटल परत आणला. हमीभावानं खरेदी करणारी सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) १२ टक्क्यांपर्यंतच ओलावा चालवून घेते, म्हणून छतावर ताडपत्री टाकून कापूस वाळवणं चालू आहे. सूर्य कलला की सगळे मिळून पुन्हा समोरच्या खोलीत भरतात. काकूच्या आणि लहान पोरीच्या हातांवर पुरळ उठलं आहे, कापूस घरात ठेवला की अशी खाज सुटतेच. ॲपवर नोंदणी मी करून दिली. काकांच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्यात, मोबाइलवर बोट उमटत नव्हतं. २ डिसेंबरचा नंबर मिळाला आहे.

कोरडवाहू काका, तुमचं म्हणणं रात्रभर डोक्यात होतं. मी एक निवेदन लिहायला घेतलं आहे. मागणी एकच ठेवली आहे: कापसावरचं आयात शुल्क किती राहणार ते मे संपायच्या आत जाहीर करा आणि वेचणी संपेपर्यंत त्याला हात लावू नका. अनुदान मागितलेलं नाही, बंदी मागितलेली नाही. पेरताना जो नियम तोच विकताना, एवढंच. खासदार, जिल्हाधिकारी आणि केंद्रीय कृषी मंत्रालय, तिघांना पाठवायचं आहे. सिव्हिल_लाइन्स, भाषा तुम्ही तपासून द्याल का? गावातल्या ४१ सह्या झाल्या आहेत. सावनेर, कळमेश्वर, काटोलकडचे कोणी असतील तर निरोप करा, मी कागद घेऊन येतो.

सिव्हिल_लाइन्स

पाठवा. उद्या रात्रीपर्यंत परत करतो. गावाचं नाव, पेरणीची तारीख आणि विक्रीचा भाव प्रत्येक सहीसमोर लिहून घ्या, नुसत्या सह्या नकोत.

उमरेडची_लेक

त्यात सोयाबीनही घाला. भावाची आणि त्याच्या गावातल्यांची सही मी आणते, शनिवारी जाणारच आहे.